नवा कण शोधायला आलात? आधी जुने ओळखा

दहावी-बारावीला ‘देवकण’ म्हणजे हिग्ज बोसॉनबद्दल ऐकून मी या वाटेला लागले. वाटलं होतं, टक्कर बघायची आणि नवं काही दिसलं की ओरडायचं. प्रत्यक्षात पहिलं वर्ष माहितीतलेच कण ओळखण्यात गेलं.

जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात. सगळं साठवणं अशक्य. ट्रिगर नावाची चाळणी त्यातल्या काही हजार नोंदीच ठेवते, उरलेल्या कायमच्या गेल्या. आपला कण चाळणीतूनच निसटला, तर पुढची सगळी हुशारी वाया. म्हणून नवख्यांना मी आधी ट्रिगर समजून घ्यायला सांगते. कंटाळवाणं आहे, पण करा.

माझा विषय होता दोन म्यूऑनमध्ये (इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदांमध्ये) फुटणारा जड कण. म्यूऑनच्या जोडीच्या वस्तुमानाच्या आलेखात 91 जीईव्हीला (हे कणांच्या वस्तुमानाचं एकक) झेड बोसॉन या माहितीतल्या कणाचा ठसठशीत उंचवटा, पुढे उतरत जाणारं शेपूट. नवा कण असलाच तर त्या शेपटावर टेंगूळ येणार. पण शेपटाचा अंदाज पक्का होईपर्यंत तिथला डेटा झाकलेला ठेवायचा, डोकवायचं नाही. याला ‘ब्लाइंड’ करणं म्हणतात. मोह फार होतो हो!

डिसेंबर 2015 मध्ये सर्नच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दोन फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) आलेखात 750 जीईव्हीजवळ टेंगूळ दिसलं. सिद्धांतवाल्यांनी शेकडो शोधनिबंध लिहून काढले. ऑगस्ट 2016 मध्ये जास्त डेटा आला आणि टेंगूळ सपाट झालं. चूक कुणाचीच नव्हती. शेकडो ठिकाणी शोधलं की कुठेतरी योगायोग दिसणारच. 5 सिग्माची अट, म्हणजे साधारण 35 लाखांत एक एवढीच योगायोगाची शक्यता, त्यासाठीच आहे. तेव्हा क्वांटम फील्ड थिअरी या कणांच्या सिद्धांताइतकंच संख्याशास्त्रही मन लावून शिका. मी ते ऑप्शनला टाकलं होतं, नंतर रात्री जागून भरपाई केली.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा गट सीएमएसमध्ये आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत थांबायची गरज नाही. पायथन येत असेल तर दोन्ही प्रयोगांचा खुला डेटा घरच्या लॅपटॉपवर उघडता येतो. विरुद्ध विद्युतभाराचे दोन म्यूऑन निवडा, वस्तुमान काढा, झेडचा उंचवटा स्वतः पाहा. एमएस्सीला असताना माझा 91,000 ला आला होता. अ‍ॅटलासच्या त्या फाइलमध्ये आकडे एमईव्हीत, म्हणजे जीईव्हीच्या हजाराव्या भागात होते, हे कळायला मला दोन दिवस लागले.