पासबुकांच्या फोटोंना कुलूप कसं लावायचं

औशात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सातबारा सकाळपासून स्कॅन होत राहतात. तीन वर्षांपूर्वी या स्कॅनचा पेन ड्राइव्ह लातूरला जाताना एसटीत पडला. पुन्हा सापडला नाही. ज्यांचे कागद त्यात होते त्यांना मी एकेकाला फोन करून सांगितलं. एक मामा दुसऱ्या दिवशी दुकानात आले. "बाई, आमचं पासबुक आता कुणाच्या हातात हाय?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डच्या किल्लीशिवाय फाइल वाचता येणार नाही अशी करणं, शिकले.

आधी एक समजून घ्या. फाइल लपवणं म्हणजे कुलूप नाही. आपल्याकडं निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. आपल्याला ते वाचता येत नाहीत, पण उर्दू येणारा माणूस घडाघडा वाचतो. एन्क्रिप्शनची रीत मात्र सगळ्यांना माहीत असली तरी चालते, किल्ली तेवढी गुप्त लागते. एईएस ही रीत बेल्जियमच्या दोघांनी बनवली, अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१ मध्ये मान्य केली आणि ती कुणालाही वाचायला खुली आहे. म्हणून "आमची खास गुप्त पद्धत" म्हणणारं अ‍ॅप घेऊ नका. एईएस-२५६ (म्हणजे २५६ बिटांची किल्ली) आहे का, तेवढं बघा.

मग काय हरवू शकतं त्यावरून कुलूप निवडा.

लॅपटॉपसाठी विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, ते अख्ख्या ड्राइव्हला कुलूप लावतं. विंडोज होममध्ये सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सापडलं तर ते चालू करा. बऱ्याच नव्या मशीनवर ते आधीच चालू असतं.

पेन ड्राइव्हसाठी मी व्हेराक्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे आणि विंडोज होमवरही चालतं. त्यात 'क्रिएट व्हॉल्यूम' करून पाच जीबीची एक पेटी पेन ड्राइव्हवर बनवली. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. काम झालं की 'डिसमाउंट' (नव्या आवृत्तीत 'अनमाउंट') करून ती बंद करायची. हे विसरलात तर सगळं फुकट, कारण पेटी उघडी असताना मशीनवर बसणाऱ्याला आणि आत शिरलेल्या व्हायरसलाही सगळं दिसतं. आणि पेटी आधी बनवा, कागद नंतर टाका. उघड्या ठेवलेल्या फाइली नंतर डिलीट केल्या तरी पेन ड्राइव्हवरून पुष्कळदा परत काढता येतात.

कुणाला फाइल पाठवायची असेल तर सेव्हन-झिप, म्हणजे फाइलींचं गाठोडं बांधायचं सॉफ्टवेअर, पुरे. फॉरमॅट '७झेड' घ्या, पासवर्ड टाका आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा. ती टिक नसेल तर आतल्या फाइलींची नावं बाहेरून वाचता येतात, आणि आपण तर फाइलीला शेतकऱ्याचंच नाव देतो. साधी झिप करायचीच असेल तर झिपक्रिप्टो ही जुनी कच्ची रीत बदलून एईएस-२५६ निवडा. पासवर्ड त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, फोन करून सांगा.

आता पासवर्ड. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. ई-आधारची पीडीएफ बघा. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कुणाला माहीत नसतं? म्हणून ती फाइल कुलूपबंद आहे असं धरून चालू नका. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. स्वतःचा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा ठेवा. दुकानाचं नाव, लेकराचं नाव, जन्मसाल नको.

आणि किल्ली हरवली की कागद गेले. कुणीही उघडून देणार नाही. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर उघडायची जादा किल्ली, असते, ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करण्यात अर्थ नाही. माझ्या माहेरचे शेताचे कागद ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्यात गेले, कारण सगळे एकाच पेटीत होते. म्हणून मी ते आकडे आणि व्हेराक्रिप्टचा पासवर्ड दोन कागदांवर हातानं लिहिलेत. एक घरच्या कपाटात आहे, दुसरा पाकीट चिकटवून आईकडं दिलाय.