जोडीदाराला छोटा कॅमेरा भेट देताय? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या चुका टाळा

आमचे हे कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्ररात्र घरी नसतात. वेंगुर्ल्याच्या आसपास कुठेही दशावतार असला तरी त्यांना जायचं असतंच. म्हणून त्यांच्या पन्नाशीला मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. दुकानात एका खोक्यावर ‘३० पट झूम’ आणि ‘२० मेगापिक्सेल’ असं ठळक छापलेलं होतं, तोच घेतला. ह्यांना फार आनंद झाला. पहिल्याच जत्रेला कॅमेरा गळ्यात अडकवून गेले, पहाटे परत आले, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “गो, माका दिसता तां ह्याच्यात येणा नाय.”

मी फोटो बघितले. संकासुर म्हणजे नुसता काळा डाग. युद्धाच्या प्रसंगात राजाची तलवार म्हणजे पांढरा फराटा. ह्यांनी पुढे कधी तक्रार केली नाही, पण कॅमेरा कपाटात गेला. बायकोला किंवा नवऱ्याला कॅमेरा द्यायचा विचार असेल, तर माझ्या हातून झालेल्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा बनला आहे तो आकडा. ते ठिपके किती मोठ्या सेन्सरवर, म्हणजे भिंगामागे उजेड टिपणाऱ्या चकतीवर, बसवले आहेत, हे खोक्यावर ठळक छापत नाहीत. भरपूर झूम देणाऱ्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत ‘१/२.३ इंची’ सेन्सर असतो, म्हणजे जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान. ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळाने चौपट. असा एक इंची सेन्सर असलेला सोनीचा ‘आरएक्स १००’ हा छोटा कॅमेरा पहिल्यांदा २०१२ साली आला, त्यातही मेगापिक्सेल साधारण २०च होते. मी घेतलेल्या कॅमेऱ्याएवढेच. फरक होता तो सेन्सरचा आणि भिंगाचा.

भिंगाचं गणितही समजून घ्या. भिंगावर ‘एफ’ नंतर आकडा असतो. तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा पूर्ण ताणला की हा आकडा ६.३ किंवा त्याच्या आसपास जातो. एफ १.८ च्या तुलनेत तिथे जवळपास बारा पटीने कमी उजेड पोचतो. जत्रेतला मंच, समईच्या उजेडातली गणपतीची आरती, शिमग्यात रात्री नाचणारी पालखी, आपल्याकडचे जपून ठेवावेत असे बहुतेक क्षण अंधारातले. तिथे कॅमेरा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हलणारी प्रत्येक गोष्ट फराटा होते.

असा कॅमेरा आधीच घरात असेल तर लगेच टाकून देऊ नका. झूम अजिबात न करता मंचाच्या जवळ बसा. शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आकडा, १६०० ते ३२०० पर्यंत जाऊ द्या. फोटोत थोडे दाणे दिसतील, पण चेहरा चेहऱ्यासारखा येईल. फ्लॅश बंदच ठेवा. छोट्या फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, शिवाय रंग लावून उभ्या राहिलेल्या कलाकाराच्या डोळ्यांवर तो मारणं मला पटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हाही फ्लॅश मारायचा नसतो. ती उजेडाच्या दिशेने चालतात, भलत्या उजेडाने वाट चुकतात.

आधी त्यांचा फोन बघा

माझी मोठी चूक हीच. ह्यांच्या फोनमधले फोटो मी कधी नीट पाहिलेच नव्हते. पाहिले असते तर कळलं असतं की दहातले आठ फोटो रात्रीचे आहेत आणि लांबचं काही फारसं नाहीच. भेट घ्यायच्या आधी जोडीदाराच्या फोनमधले गेल्या वर्षाचे फोटो त्याला किंवा तिला सोबत घेऊनच चाळा. सहज विषय काढला की कळतंच.

मुलांना घेऊन पाण्यात खेळणारं माणूस असेल, तारकर्लीला स्नॉर्केलिंग होत असेल, तर पाण्यात चालणारा कॅमेरा बघा. ऑलिंपसचा टीजी-६ किंवा त्याच्या नंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो. त्याचा सेन्सर लहानच आहे, पण भिंग एफ २ पासून सुरू होतं. खाडीवरचे पक्षी, माडावर बसलेला समुद्रगरुड असं काही टिपणाऱ्याला मात्र खरोखरच झूम लागतं, त्याच्यासाठी तीस पट चूक नाही. आणि गावातल्या वाटा, माणसं, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी उतरवणारे हात असं जवळून बघणारं कुणी असेल, तर झूमच नसलेला रिको जीआर-३ सारखा कॅमेरा त्याच्या खिशात बसेल. त्यातला सेन्सर एक इंचीपेक्षाही तिपटीने मोठा आहे.

पैसे मोजायच्या आधी एक लक्षात ठेवा. दिवसाउजेडी काढलेले साधे फोटो फोन छान काढतो. कॅमेरा जिथे फोन कमी पडतो तिथे कामाला आला पाहिजे.

उन्हात काही दिसत नाही

सागरेश्वरच्या वाळूत दुपारी बाराला कॅमेऱ्याचा पडदा म्हणजे काळी पाटी. डोळ्याला लावून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडर असेल तर हा प्रश्न सुटतो. आरएक्स १०० च्या तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१४ पासून, तो वर उचलता येतो. जोडीदाराला चष्मा असेल तर चष्मा लावूनच त्यातून बघायला सांगा, कडा कापल्या जातात का ते तिथेच कळेल. व्ह्यूफाइंडर नसेल तर पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि हाताची सावली करा. तेवढ्यावर भागतं.

वाळू आणि खारा वारा

छोट्या कॅमेऱ्याचं भिंग चालू करताच नळीसारखं बाहेर येतं आणि बंद करताना आत जातं. ही नळी पंपासारखी काम करते. प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि त्या हवेबरोबर वाळूचा कणही. मग एक दिवस करकर आवाज येतो, नळी अर्ध्यावर अडकते आणि पडद्यावर भिंग अडकल्याची सूचना येते.

तेव्हा नळी बोटाने ढकलू नका. आमच्या घरात ते झालं आणि आतल्या चाकाचा दात तुटला. बॅटरी काढा, भिंगाचं तोंड जमिनीकडे करा, नळीच्या भोवतीच्या फटीत रबरी ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रशने कडा झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. मग बॅटरी घालून पुन्हा चालू करा. पुन्हा करकरला तर दुरुस्तीलाच द्या.

किनाऱ्यावरून परत आल्यावर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरून कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि बटणांच्या कडा, फ्लॅशजवळचे धातू गंजवतं. हे काम दोन मिनिटांचं आहे.

पावसाळ्यातली बुरशी

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि विकणारा त्याबद्दल सहसा बोलत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या घरांतली हवा कितीही उघडझाप केली तरी ओलीच असते. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की भिंगावर बुरशी धरू लागते. तिला अंधार, ओलावा आणि साचलेली हवा लागते, म्हणजे नेमकं आपलं लाकडी कपाट. त्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून ठेवला तर विचारूच नका, चामडं ओलावा शोषून घेतं. ह्यांचा पहिला कॅमेरा मी अगदी तसाच ठेवला होता. गणपतीत बाहेर काढला तर आरतीचे फोटो धुरकट. टॉर्चचा उजेड तिरका पाडून भिंगात बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की अख्खं भिंग बदलावं लागेल, खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जाईल. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा थर खातं, त्यामुळे पुसूनही डाग राहू शकतो.

यावर उपाय स्वस्तातला आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात नारिंगी रंगाची सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून कोरडी करा, पण रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात नको. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, ती घरात आणूच नका. कॅमेरा डब्यात ठेवताना बॅटरी बाहेर काढा. तांदळात ठेवायचा सल्ला खूप जण देतात, त्याने पीठ आणि धूळ भिंगात शिरते. आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढा. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

भेटीसोबत हा डबाही द्या. माझ्या मते कॅमेऱ्याच्या चामडी कव्हरापेक्षा तो जास्त प्रेमाचा आहे.

एसी गाडीतून थेट किनाऱ्यावर कॅमेरा काढला की भिंगावर बाष्प जमतं. बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या, मग काढा. घाईने पुसलं तर ओलावा कडेला सरकतो, जात नाही.

‘वॉटरप्रूफ’वर डोळे मिटून विश्वास नको

पाण्यात चालणारा कॅमेरा त्याच्या दारावरच्या रबरी कडीवर अवलंबून असतो. तिथे एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत जातं. पाण्यात उतरायच्या आधी दार उघडून कडीवरून बोट फिरवून बघा, दार कोरड्या जागीच बंद करा. समुद्रातून बाहेर आल्यावर दार बंद ठेवून कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मगच सुकवा.

भेट गुपचूप आणू नका

दुसऱ्या वेळी मी खोकं बांधून आणलं नाही. एका चिठ्ठीवर “कॅमेरा, तुमच्या पसंतीचा” असं लिहून वाढदिवसाच्या ताटाखाली ठेवलं. दुकानात ह्यांनी एक इंची सेन्सरचा कॅमेरा हातात घेतला, काउंटरखालच्या अंधारात माझ्या बांगड्यांचा फोटो काढला, मोठा करून बघितला आणि मान हलवली. मग चष्मा लावून पडदा वाचला, अंगठा कुठल्या बटणावर पडतो ते पाहिलं. झूम जेमतेम तीन-चार पटच होतं, त्याचं ह्यांना काही वाटलं नाही.

त्याच वेळी जादा बॅटरी घ्या, कारण एवढ्याशा कॅमेऱ्याची बॅटरी दोन-अडीचशे फोटोंत संपते आणि दशावतार पहाटेपर्यंत चालतो. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातूनच घ्या, खोटी कार्डं सर्रास मिळतात आणि भरत आली की फोटो गिळतात. बिलावर कॅमेऱ्याचा क्रमांक आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या. घरी आल्यावर खोकं त्याच दिवशी उघडा. वाढदिवस महिनाभर लांब असेल तरी एकदा चालू करून, झूम करून, कार्डावर फोटो घेऊन बघा. बदलून द्यायची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, भेट उघडल्याच्या नाही.