साहित्यशास्त्राची सुरुवात एका कथेपासून करावी

साहित्यशास्त्राच्या अभ्यासाची सुरुवात व्याख्यांनी करू नये. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या ग्रंथालयातून दलित साहित्यातील कथाकार बाबूराव बागूल यांचा १९६३ सालचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह मिळवावा आणि त्यातील शीर्षककथा दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात, भरतमुनींचा रसविचार, म्हणजे कलाकृतीतून भाव जागे होऊन रसिकाला आस्वाद मिळतो हा प्राचीन विचार, ध्यानात ठेवून, कोणत्या वाक्याने कोणता भाव जागा झाला, हे वहीत टिपावे. दुसरे वाचन अधिक सावकाश व्हावे: जात लपवणारा ‘मी’ बोलतो आहे, पण हाच प्रसंग, जात उघड झाल्यावर त्याला मारणाऱ्यांपैकी कुणी सांगितला असता, तर यातली कोणती वाक्ये उरली असती? या प्रश्नाशी बराच वेळ थांबावे, कारण समाज स्वतःविषयी जे बोलत नाही, ते साहित्य इथेच बोलते. त्यानंतरच समीक्षाग्रंथ हाती घ्यावा.