लघवी गळते? ती कधी गळते ते आधी लिहून काढा

मासे विकायला बाजारात बसणाऱ्या कितीतरी बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत. लघवी गळते आणि जवळ धड संडास नसतो. पण पाणी तोडून लघवी घट्ट होते, जळजळ होते आणि त्रास वाढतो. आधी आपला प्रकार ओळखा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

तीन दिवस वही ठेवा. किती वाजता गळली, तेव्हा काय करत होता, घाई लागली होती का, काय आणि किती प्यायलात, कोणत्या गोळ्या घेतल्या, सगळं लिहा.

मग वही वाचा. ‘सकाळी ७, पाटी उचलली, थोडी गळली, घाई नव्हती’ अशा नोंदी असतील तर हा ताणाचा प्रकार. खोकताना, शिंकताना, हसतानाही असंच होतं. बाळंतपणं आणि वय यांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. पोटातला वारा रोखताना आवळतो तेच स्नायू दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ दा आवळून सोडा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. ३ महिने नेटाने करा, त्याआधी सोडू नका.

‘एकदम लागली, दारातच झाली’ हा घाईचा प्रकार. इथे चहा कमी करा आणि दोन लघव्यांमधलं अंतर १०-१५ मिनिटांनी वाढवत न्या. अनेकींना दोन्ही प्रकार एकत्र असतात.

धार बारीक, थेंब थेंब गळती आणि लघवी पूर्ण झाल्यासारखं वाटतच नाही? मूत्राशय तुंबून सांडतंय. पुरुषांत बहुधा प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असते, मधुमेहानेही असं होतं. इथे घरगुती उपाय नको, डॉक्टरच गाठा.

आणखी एका प्रकाराकडे घरची माणसं फार दुर्लक्ष करतात. आजीचं मूत्राशय ठीक असतं, पण गुडघे धरलेले, संडास मागीलदारी आणि पावसात जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. ती पोचेपर्यंत उशीर होतो. तिला ओरडू नका. खाटेजवळ भांडं ठेवा, वाटेवर दिवा लावा, भिंतीला धरायला दांडा बसवा.

लघवीत रक्त दिसलं, तापासोबत जळजळ असली, लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग अचानक बधिर झाला, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.