एकच सूर धरून ठेवायचा: ड्रोन बनवणं आणि ऐकणं

ड्रोन म्हणजे तानपुऱ्यासारखा न थांबता लांबत राहणारा सूर. सिंथमध्ये (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक वाद्य) फक्त दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, घ्या, दोन्ही सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या आकाराची, भरदार आवाजाची लहर, एक ११० हर्ट्झवर आणि दुसरा ११०.३ वर, आणि मग हात बाजूला ठेवून नुसतं ऐका. साधारण दर तीन सेकंदांनी आवाज फुगतो आणि परत बसतो ना, ते बीटिंग, त्या ०.३ च्या फरकातून येतं, आणि माझ्या मते ड्रोनचा सगळा जीव त्यातच आहे. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट वगैरे कंपनसंख्येचे उपसूर, आणखी जलद हलतात, दुसरा दुप्पट वेगाने, तिसरा तिप्पट, म्हणून असे उपसूर नसलेली नुसती साइन वेव्ह घेतलीत तर ही झिलई मिळत नाही.

आता तिसरा ऑसिलेटर, पंचम, १६५ वर. कीबोर्डवरचा ई (E) सूर १६४.८१ असतो, तो ११० शी किंचित थरथरतो, १६५ मात्र ११० शी एकदम शांत बसतो, दोन्ही लावून बघाच.

मग लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरचे सूर दाबणारा, ती मर्यादा २०० हर्ट्झपासून ९०० पर्यंत न्यायची, पण दहा मिनिटं लावून, हाताने, इतकं हळू की बदल झाल्यावरच कळावं. फ्रेंच संगीतकार एलियान रादीग यांनी एआरपी २५०० या सिंथवर वर्षानुवर्षं असंच सावकाश सरकणारं काम केलंय. रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी गुंज, थोडाच.

ऐकताना फोनचा स्पीकर नको, खालचे सूर त्यात जवळजवळ येतच नाहीत. स्पीकरवर मध्यम आवाजात लावा आणि खोलीत हळूच डोकं हलवा, एका जागी एक सूर दबतो, हातभर सरकलं की दुसराच वर येतो. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या, बंद करू नका.