फँटसी गेमचा ओपन बीटा खेळताय? आधी या चुका टाळा, मग गेमला नावं ठेवा

जादू-राक्षसांच्या एका ऑनलाइन फँटसी गेमचा ओपन बीटा, म्हणजे गेम बाजारात यायच्या आधी सगळ्यांना खेळून बघायला दिलेली चाचणी, शुक्रवारी रात्री उघडला आणि शनिवारी दुपारपर्यंत आमच्या चौघांतल्या दोघांनी निकाल लावून टाकला होता, गेम भंगार आहे, नुसता लॅग आहे (गेम अडखळते, उशिरा हलते), काढून टाकली. मी सांगलीत विश्रामबागला, आतेभाऊ तासगावला, दोघं मित्र मिरजेत, अशी आमची पार्टी, आणि या बीटाची वाट आम्ही वर्षभर बघत होतो म्हणून मला ते लई लागलं. मग शनिवारी मी प्रत्येकाला फोन करून नेमकं काय होतंय ते एकेक करून विचारत बसलो, तर दहातल्या सात तक्रारी गेमच्या नव्हत्याच. घरातल्या वायफायच्या होत्या, लॅपटॉपच्या सेटिंगच्या होत्या, चुकीच्या सर्व्हरच्या होत्या. उरलेल्या तीन मात्र खऱ्या गेमच्या होत्या आणि त्या कंपनीला कळायला पाहिजेत, बीटा त्यासाठीच असतो. या दोन्हीतला फरक कसा ओळखायचा तेवढंच लिहितोय. गेमचं नाव घेत नाही कारण या चुका कुठल्याही ऑनलाइन फँटसी गेमच्या बीटात होतात.

पहिली चूक तर सुरू व्हायच्या आधीच झाली. घोषणेत लिहिलेलं सकाळी १० वाजता, पॅसिफिक टाइम. मिरजेच्या एकानं शुक्रवारी सकाळची हाफ डे टाकली आणि १० वाजल्यापासून लॉगिन करत बसला, सर्व्हर बंदच. अमेरिकेचा पश्चिम किनारा उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागं असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा, म्हणजे त्यांचे सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. सुट्टी टाकायचीच असेल तर दुसऱ्या दिवशीची टाका.

डाउनलोडचंही तसंच. ८० जीबीची गेम होती आणि आतेभाऊ म्हणाला माझी ५० ची लाइन आहे दादा, अर्ध्या तासात होईल. ५० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, ८ नं भागलं की सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट येतात, म्हणजे ८० जीबीला साडेतीन तास, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. प्रीलोड, म्हणजे सुरू व्हायच्या आधी डाउनलोड करायची सोय, दिला असेल तर आदल्या दिवशीच उतरवून ठेवा आणि डिस्कवर गेमच्या साइजपेक्षा बऱ्यापैकी जास्त जागा ठेवा कारण फाइली उघडताना जागा लागते. हार्ड डिस्कवर टाकू नका, एसएसडीवरच टाका, नाहीतर गावात शिरलं की घरं आणि माणसं एकेक करून उगवतात आणि वाटतं गेमच अर्धवट बनवलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हर निवडणं. इथं घाई करू नका. कॅरेक्टर बनवताना रिजन विचारतात आणि एकदा निवडलं की ते कॅरेक्टर तिथंच राहतं. मिरजेच्या दोघांनी युरोप घेतलं कारण ते ज्या स्ट्रीमरला बघतात तो तिथं खेळतो. या बीटात मुंबईत सर्व्हर नव्हता, सगळ्यात जवळचा सिंगापूरचा. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन येऊन १० मिलिसेकंद. या जाऊन येण्याच्या वेळेलाच पिंग म्हणतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जगातली कितीही भारी लाइन घेतली तरी ४० च्या खाली पिंग येणारच नाही, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यानं आपल्याकडं ७० ते ९० येतं. जर्मनीतला सर्व्हर घेतला तर अंतर साडेसहा हजारांच्या पुढं, त्यांना १७० येत होतं. या गेममधे बॉस कुऱ्हाड उचलतो तेव्हा एक लाल चमक येते आणि तेवढ्यात डॉज मारायचा, म्हणजे वार चुकवायचा असतो. १७० वर ती चमक तुम्हाला उशिरा दिसते आणि तुमचा डॉज सर्व्हरला उशिरा कळतो, दोन्हीकडून मार. मग माणूस म्हणतो हिटबॉक्स, म्हणजे वार कुठवर लागतो ती हद्द, चुकीचा आहे. सिंगापूरला नवं कॅरेक्टर बनवून तोच बॉस त्यांनी दुसऱ्या प्रयत्नात पाडला.

पण आतेभावाचा सर्व्हर बरोबर होता तरी त्याचं कॅरेक्टर रबरासारखं मागं ओढलं जायचं. चार पावलं पुढं गेला की परत जागेवर, आणि तो आमचा हीलर, बाकीच्यांच्या जखमा भरणारा, म्हणजे तो अडकला की आम्ही तिघं मेलोच. शनिवारी संध्याकाळी मी बाइक काढून तासगावला गेलो. आत्याचं घर जुन्या पद्धतीचं, दीड फुटाच्या दगडी भिंती, राउटर सोप्यात आणि हा बसतो आतल्या खोलीत, मधे अशा दोन भिंती. इथं एक टेस्ट केली ती सगळ्यांनी करा, दोन मिनिटं लागतात. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकलं, त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा नंबर येतो, त्याच्याकडं १९२.१६८.१.१ होता. मग पिंग, पुढं तो नंबर, पुढं स्पेस देऊन मायनस टी (ping 192.168.1.1 -t). ते चालू ठेवून आकडे बघत बसायचं. घरातल्या घरात राउटरपर्यंत १ किंवा २ मिलिसेकंद यायला पाहिजेत. त्याच्याकडं ३, ४, ३, मग एकदम २१०, मग ५, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट, परत ४, परत १८०. गेमचा सर्व्हर राहिला सिंगापुरात, याच्या डेटाचं पाकीट सोपासुद्धा ओलांडत नव्हतं.

राउटरपर्यंत आकडे उड्या मारत असतील तर दोष घरात आहे. तिथं १-२ येत असेल तर मग ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) पिंग करा, तिथं उड्या असतील तर इंटरनेटवाल्याला फोन करा. दोन्ही शांत आहेत आणि तरी गेममधे मागं ओढला जाताय, तर सर्व्हरवर संशय घ्यायला हरकत नाही. या क्रमानं गेलं की भांडण कुणाशी करायचं ते कळतं.

तिथं केबल नव्हती म्हणून तात्पुरतं राउटर सोप्यातून उचलून चौकटीजवळच्या फडताळावर ठेवला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडला. फरक पडला पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून २.४ पेक्षा कमी जातं, दगडी भिंतीतून तर फारच कमी, त्यामुळं तो दाराच्या समोरच बसला तर ठीक. खरा उपाय लॅन केबल. मी घरी केबलवरच खेळतो, पिंग ७६ वर बसलेलं असतं, हलत नाही. ८० चं स्थिर पिंग ५० च्या उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा कधीही चांगलं, हे हीलर खेळणाऱ्याला विचारा.

आणि लाइट. पावसाळ्यात आपल्याकडं दोन सेकंद लाइट जाऊन येणं रोजचं आहे, लॅपटॉप चालू राहतो पण राउटर रीस्टार्ट होतो आणि तुम्ही लॉगिनच्या रांगेच्या शेवटी. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावून टाका. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडला आहे का बघा, साध्या मोडला तो इतका हळू बदलतो की पीसी बंद पडू शकतो.

रांगेबद्दल. पहिल्या रात्री माझ्यापुढं ४ हजार लोक होते. रांग हलत नाही म्हणून गेम बंद करून परत उघडू नका, नंबर जातो. मिरजेच्या दुसऱ्यानं तर रात्री १ वाजता कनेक्शन एरर आला म्हणून अख्खी गेम अनइन्स्टॉल करून परत ८० जीबी लावली. त्यावेळी सगळ्यांनाच तोच एरर येत होता, सर्व्हरच पडलेले. एरर आला की आधी गेमच्या अधिकृत पानावर सर्व्हरची स्थिती बघायची. तिथं सगळं ठीक असेल तर स्टीमवर (ज्या अ‍ॅपवरून गेम उतरवतो ते) गेमच्या प्रॉपर्टीजमधे इन्स्टॉल्ड फाइल्समधे जाऊन फाइली व्हेरिफाय करायच्या, बिघडलेली फाइल तेवढीच परत उतरते. अनइन्स्टॉल हा अगदी शेवटचा उपाय.

लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमधे दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं साधं आणि एक वेगळं भारी, आणि नवीन गेम कधीकधी साध्यावरच चालू होते. मित्राला १४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला १४ चित्रं, येत होते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्समधे जाऊन गेमला हाय परफॉर्मन्स दिलं आणि ५५ झाले. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (उजेड-सावली, रंग दाखवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तो बार पूर्ण होऊ द्या, मधे एंटर दाबून आत गेलात तर पहिला तासभर प्रत्येक नव्या जादूला झटका बसतो. आणि एफपीएसला कॅप लावा, ६० ठेवा. २०२१ च्या जुलैत न्यू वर्ल्ड या गेमच्या क्लोज्ड बीटात (निवडक लोकांसाठीची चाचणी) काही जणांची आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं बंद पडली होती, मेन्यूत एफपीएस मोकाट सुटायचा, नंतर पॅचमधे मेन्यूला कॅप टाकली, आणि ईव्हीजीए कंपनीनं आपल्या त्या कार्डांच्या सोल्डरिंगमधे दोष होता असं सांगितलं. म्हणजे दोष कार्डात होता, पण बीटात तो उघडा पडला. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या मराठी टाइप करणाऱ्यांची खास अडचण, ही कुठल्याच गाइडमधे सापडणार नाही. विंडोजमधे मराठी कीबोर्ड टाकलेला असेल तर आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. या गेममधे शिफ्ट म्हणजे पळणं आणि आल्ट म्हणजे माउसचा बाण दाखवणं. ऐन लढाईत दोन्ही दाबलं गेलं, कीबोर्ड मराठी झाला आणि माझं कॅरेक्टर ठोकळ्यासारखं उभं. डब्ल्यू दाबतोय, काही नाही. मी दोन वेळा मेलो आणि गेम हँग होतेय असं समजून रिपोर्ट लिहायलाच घेतला होता, तेव्हा खालच्या पट्टीत मराठी दिसलं. अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमधे जाऊन इनपुट लँग्वेज हॉट कीज बंद करून टाका, सुटलात. चॅटमधे मात्र देवनागरी टाइप केलं की नुसते चौकोन दिसतात, तो दोष गेमच्या फाँटचा आहे, तो मी कळवला आणि तुम्हीही कळवा, एकट्यानं कळवून ते यादीत खालीच राहील.

रिपोर्ट कसा लिहायचा तेही सांगतो कारण लोक नुसतं लिहितात हील काम करत नाही. आम्हाला रविवारी रात्री एक सापडला. देवळाच्या पायऱ्यांवर आतेभाऊ जमिनीवर हीलिंगचं वर्तुळ टाकायचा, मी त्याच वर्तुळात पण तीन पायऱ्या वर उभा, माझं रक्त वाढत नव्हतं. मला वाटलं परत त्याचा वायफाय. मग आम्ही राक्षस मारणं सोडून अर्धा तास तेच केलं. एक पायरी वर, मिळतंय. दोन वर, मिळतंय. तीन वर, नाही. खाली उतरलो, मिळतंय. मिरजेच्या मित्रालाही तीनवर उभं केलं, त्यालाही नाही. मग लिहिलं, कुठली जागा, नकाशावरचे आकडे, कुठला क्लास, कुठली स्किल, किती वाजता, काय केलं की होतं, काय केलं की होत नाही, आणि वीस सेकंदाचा व्हिडिओ. असा रिपोर्ट वाचून समोरचा माणूस पाच मिनिटांत तेच करून बघू शकतो.

बाकी थोडक्यात. ओपन बीटाला की, म्हणजे आत जायचा कोड, लागत नाही, कुणी टेलिग्रामवर की विकत असेल तर तो फसवतोय. पहिल्या रात्री पैसे खर्चू नका. आणि चेहरा बनवण्यात दोन तास घालवायच्या आधी कॅरेक्टर पुसलं जाणार का ते वाचा. डायब्लो ४ या गेमच्या मार्च २०२३ च्या ओपन बीटात लेव्हल २५ वर थांबवलेलं आणि सगळी कॅरेक्टर पुसली, फक्त बक्षिसं राहिली. पुसलंच जाणार असेल तर एकाच क्लासला चिकटू नका, टँक (पुढं राहून मार झेलणारा), हीलर, जादूगार सगळं बघून घ्या. आणि पहिल्या दोन तासांतलं उंदीर मारणं बघून मत बनवू नका, निदान एक डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेलं भुयार, चौघांनी मिळून करा. मला ही गेम तिथंच आवडली, काळोख्या बोगद्यात टँकची ढाल हाच एक उजेड आणि बाकीचे त्याच्या मागं चिकटून चालतात, कुणी दोन पावलं मागं राहिला की त्याला काही दिसत नाही. चौघं एकमेकांना हाका मारत चाललो होतो.

सोमवारी दुपारी साडेबाराला सर्व्हर बंद झाले. गेम काढून टाकलेले दोघंही तोवर परत आले होते. पुढच्या टेस्टची तारीख अजून आलेली नाही, पण आत्याच्या घरी सोप्यापासून आतल्या खोलीपर्यंत कडेकडेनं दोरी लावून मोजून आलोय, १३ मीटर भरलं. १५ मीटरची केबल घेतलीय, येत्या रविवारी लावायला जातोय.