कवटीची असममिती मोजताना या चुका टाळा

चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक अनेकदा एक-दोन मिलिमीटरच असतो आणि अवघड लँडमार्क (हाडावरचे ठरावीक मोजणीबिंदू) टिपताना हातही तेवढाच चुकू शकतो. त्यामुळे प्रत्येक कवटी एकदाच मोजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अशा आकड्यांतून हाडाचा फरक कोणता आणि हाताचा कोणता, हे नंतर कुठलेही सॉफ्टवेअर वेगळे काढून देत नाही. जीवशास्त्रज्ञ पामर आणि स्ट्रोबेक यांनी १९८६ मध्येच पुन्हा केलेल्या मोजमापांवर आधारलेली विश्लेषणाची रीत मांडली. क्लिंगेनबर्ग आणि मॅकिन्टायर यांनी १९९८ मध्ये ती प्रोक्रस्टीज पद्धतीतून (बिंदूंचे संच एकाच मापाचे करून, सरकवून-फिरवून एकमेकांवर बसवण्याची रीत) आकाराच्या अभ्यासात आणली. तरीही वेळ वाचवायला लोक हीच पायरी गाळतात, याचे वाईट वाटते.

दुसरे मोजमाप लगेच, आधीचे बिंदू समोर ठेवून करू नका. काही दिवस जाऊ द्या. कवटी स्टँडवरून काढून पुन्हा बसवा. सीटी स्कॅन वापरत असाल तर हाडाचा पृष्ठभागही नव्याने तयार करा, कारण प्रतिमेत हाड कुठून धरायचे ते ठरवणारा उंबरठा थोडा बदलला की पातळ हाडाची कड सरकते.

दरवेळी आधी डावी, मग उजवी बाजू टिपण्याची सवयही घातक. हाताचा ठरावीक कल सगळ्या कवट्यांत एकाच दिशेने उतरतो आणि ती दिशात्मक असममिती, म्हणजे सगळ्यांत एकाच बाजूकडे झुकलेला खरा फरक, भासते. क्रम बदलता ठेवा. त्रिमितीय प्रतिमा असतील तर निम्म्या आरशासारख्या उलटवून द्या. मोजणाऱ्याला बाजू कळता कामा नये.

नेझियन (नाकाच्या मुळाशी) किंवा ब्रेग्मा (माथ्यावर) हे बिंदू हाडांच्या सांध्यांवर असल्याने बरेच नेमके सापडतात. झायगियन मात्र सर्वांत रुंद जागेवरून ठरतो, म्हणून तो गालाच्या हाडाच्या कमानीवर पुढे-मागे घसरतो. कोणत्या बिंदूवर किती चूक होते, हे वेगवेगळे तपासा. एकूण सरासरीत वाईट बिंदू लपतात.

मध्यरेषा दोन-तीन बिंदूंवरून ठरवू नका, कारण ते स्वतःच एका बाजूला झुकलेले असू शकतात. सगळे बिंदू घ्या, आरशातली प्रत बनवा, डाव्या-उजव्या जोड्यांचे क्रमांक अदलाबदल करा आणि मग एकत्र बसवा. एखादी कवटी आलेखात इतरांपासून फार दूर पडली, तर विकृतीचा अंदाज बांधण्याआधी डाव्या-उजव्या क्रमांकांची गल्लत शोधा. चूक बहुतेकदा तिथेच सापडते.

तुटलेली बाजू दुसऱ्या बाजूच्या आरशातल्या प्रतीने भरून त्याच कवटीची असममिती मोजणे निरर्थक आहे, कारण तिथला फरक तुम्हीच शून्य केलेला असतो. मातीच्या दाबाने वाकलेल्या किंवा दात पडून जबड्याचे हाड झिजलेल्या कवट्यांतला फरकही वाढीतला नव्हे. त्या वेगळ्या ठेवा.

शेवटी व्यक्ती आणि बाजू यांचा परस्परपरिणाम (डाव्या-उजव्यातला फरक कवटीगणिक किती बदलतो ते) मापनदोषाशी ताडून पाहा. तो दोषापेक्षा स्पष्टपणे मोठा निघाला नाही, तर असममितीचा निर्देशांक काढू नका. आधी बिंदू टिपण्याचा सराव वाढवा आणि डगमगणारे लँडमार्क वगळून मोजणी पुन्हा करा.